सहावं बोट

बारशाच्या सकाळीसुद्धा सासूबाईंनी तेच विचारलं, "नीट आठव, ग्रहणात तू काही चिरलं होतंस का?"

केतकीने नकारार्थी मान हलवली. गेले बारा दिवस ती आठवतच होती. तिच्या लेकीच्या उजव्या हाताला सहा बोटं होती, आणि ती कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून तो हात दुपट्यात घट्ट गुंडाळलेला असे.

दुपारी नवऱ्याची आत्या आली. कॉलेजात जीवाश्म शिकवण्यात तिची उभी हयात गेली होती. तिने दुपटं सोडलं आणि ती इवली बोटं एकेक करून कुरवाळली.

"पाण्यातून जमिनीकडे निघालेल्या पहिल्यावहिल्या चार पायांच्या प्राण्यांची हाडं दगडांत सापडली आहेत," ती म्हणाली. "कुणाला सहा बोटं, कुणाला सात, कुणाला तर आठ. पाच बोटांचा नियम मागाहून बसला." मग सासूबाईंकडे वळून तिने विचारलं, "वहिनी, त्यांच्या आयांनी ग्रहणात काय चिरलं असेल हो?"

केतकीला खुदकन हसू आलं, आणि हसता हसताच बारा दिवस दाबून ठेवलेलं रडू फुटलं.

"बोट ठेवायचं की काढायचं ते डॉक्टर सांगतील," डोळे पुसत ती म्हणाली. "पण आई, माझ्या हातून काही चुकलं नव्हतं."

सासूबाईंनी नातीला उचलून खांद्याशी धरलं आणि पाळणा सजवणाऱ्या बायकांना हाक मारली.

"या गं सगळ्या, माझ्या नातीचा हात बघून घ्या. असा हात आपल्या आळीत कुणाला नाही."