अस्वल मावेल अशी पेटी

नवीकोरी मोटरसायकल पसंत करायला वेंडेलला फारसा वेळ लागला नाही, पण सामानाची पेटी काही त्याच्या मनास येईना. दुकानदार रॉयस दाखवून दाखवून थकला. शेवटी दाढीवाल्या, धिप्पाड वेंडेलने जाकिटातून कापसाचं अस्वल काढलं आणि एका पेटीत बसवून पाहिलं.

“नाक चेपतंय याचं. मोठी दाखव.”

रॉयसला हसू आवरेना. “काय लाड, काका! नातीचं वाटतं?”

“नाही. उद्या कोर्टात एका सात वर्षांच्या पोरीची साक्ष आहे, बापाविरुद्ध. तो समोरच बसणार. म्हणून आम्ही मोटरसायकल क्लबवाले तिच्या पाठीशी बसतो. आधी तिला हे देतो.”

“मग जरासं चेपलं तर काय बिघडलं?”

“आम्ही सगळ्यांनी याला एकेकदा पोटाशी धरलंय. आमची हिंमत यात भरलीय, असं सांगणार तिला. चेपलेलं बघून तिला वाटायला नको, वाटेत सांडली म्हणून.”

रॉयसने आतून सगळ्यात मोठी पेटी आणून गाडीला बसवली. अस्वल आत ठेवायला उचललं आणि तो थबकला. मग वेंडेलकडे पाठ करून त्याने ते पोटाशी घट्ट धरलं.

“धर,” मागून वेंडेल म्हणाला. “घाई नाही.”