दारावरचा पहारेकरी

तिसऱ्या रविवारीही तिचे मित्र ऑनलाइन खेळातल्या त्याच दारापाशी अडून बसले होते. कथा ती रचायची, त्यातली पात्रंही तीच वठवायची. फासे टाकून लढायचं मित्रांनी, तीन देशांतून. दारामागच्या राक्षसाचा मातीचा पुतळा कॅमेऱ्यासमोर मांडायला तिनं महिनाभर खपून रंगवला होता. आणि हे शहाणे दारावरच्या पहारेकऱ्याच्या गुडघेदुखीची चौकशी करत होते! "मुलं काय करतात तुमची?" मित्रांपैकी वकिलानं पहारेकऱ्याला विचारलं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. "अरे, दार उघडा एकदाचं! सोयरीक जमवायचीय का त्याच्याशी?" दुसरा मित्र, बेकरीवाला, पुटपुटला, "राक्षस मेला की खेळ संपला, तूच म्हणालीस. मग रविवारी तू कुणावर ओरडणार?" तिनं कपाळावर हात मारला. पुतळा मुकाट्यानं खणात ठेवला. घसा खाकरून ती पहारेकऱ्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "किल्ली घरीच राहिली की हो! चला, घेऊन येऊ. वाटेत सातच डोंगर आहेत."