अप्पांचा पत्ता

सिस्टरने शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे धडधडणारे ठोके पडद्यावरून कमी केले आणि इकडे अप्पांची मान शर्वरीच्या खांद्यावर कलली.

हृदययंत्रं चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, शर्वरीनेच लिहिला होता. पडद्यावरचा हुकूम यंत्राच्या पत्त्यावर जायचा. चिपमध्ये पत्ता कोरलेला नसेल, तर ड्रायव्हरने नवा बनवून द्यायचा. चाचणीपुरता तिने नव्या पत्त्याऐवजी अप्पांच्याच यंत्राचा पत्ता घातला आणि तो काढायचा राहून गेला.

"सिस्टर, ठोके वाढवा. या दोघांचा पत्ता एकच आहे."

"वाढवले तर या बाई हातच्या जातील, ताई."

"यांचं यंत्र कोऱ्या चिपांच्या नव्या लॉटचं ना? तसलं आणखी कोणाला बसवलंय?"

सिस्टरने दाराकडे पाहिलं. बाहेर तपासणीच्या रांगेत बसलेल्यांच्या माना एकेक करून कलत होत्या.