कुठं उभं राहायचं, सर?

चौथा प्रयत्न होता आणि दोन यार्ड हवे होते. चेंडू आपल्याच टोकापासून अवघ्या बारा यार्डांवर. आघाडी दोन गुणांची, खेळ संपायला दीड मिनिट.

अशा वेळी कॅन्ससमधला अमेरिकन फुटबॉलचा कुठलाही प्रशिक्षक चेंडूला लाथ घालून तो लांब धाडतो. तीन प्रयत्नांत दहा यार्ड जमले नाहीत, तर चौथ्यात चेंडू समोरच्यांच्या गळ्यात मारायचा आणि सुटका करून घ्यायची. चौथाही करून बघितला आणि फसला, तर चेंडू तिथल्या तिथंच समोरच्यांना मिळतो; जमला, तर आपल्याकडेच राहतो. हॉस्किन्स सरांनी नऊ वर्षांत एकदाही तसं केलं नव्हतं. ते शाळेत गणित शिकवत. "प्रयत्न चार दिलेत, तर तीनच का वापरायचे?" असं ते फळ्यावर आकडे मांडून पोरांना विचारत.

पण आज कुंपणाला रेलून लाइल ब्रँडनर उभा होता. सरांचाच जुना विद्यार्थी, आता शाळा समितीचा अध्यक्ष. मंगळवारीच तो सांगून गेला होता, "सर, अजून एक सामना तुमच्या आकडेमोडीत घालवलात, तर पुढच्या वर्षी नुसतं गणित शिकवा."

सरांनी कुंपणाकडे पाहिलं.

"एमेट, जा. लाथ मार. जाईल तितकी लांब."

एमेट पाच पावलं धावला, थबकला आणि परत आला. सामना सुरू करताना चेंडू लाथेनं मुद्दाम जवळच टोलवायचा, टप्पे खात गेलेल्या त्या चेंडूवर आपल्या पोरांनी झडप घालायची, एवढंच काम त्याला ठाऊक होतं.

"कुठं उभं राहायचं, सर?"

"म्हणजे?"

"किती मागं? आणि ओटिस विचारतोय, चेंडू इतक्या लांब मागं माझ्यापर्यंत फेकायचा कसा? आपण हे कधी केलंच नाही."

मैदानात दहा पोरांचा गोंधळ चालला होता.

"ए, तू इकडं ये!"

"आणि तिकडं कोण, तुझी मावशी उभी राहणार?"

ब्रँडनर कुंपणावरून ओरडला, "चला, आज तरी शहाणपण सुचलं!"

समोरच्या संघालाही ही लाथेची तयारी दिसली. त्यांची दोन चपळ पोरं वळली आणि लांबून येणारा चेंडू झेलायला चाळीस यार्ड मागं पळाली. सर त्यांच्याकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचे ओठ हलले.

"एमेट, अकरातून दोन गेले."

"नऊ, सर." एमेटच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"दहा पावलं मागं जा. हात पुढं धरून उभा राहा. चेंडू तुझ्याकडं येणार नाही. ओटिसला सांग, जवळच उभ्या नोलनच्या हातात दे."

"पण ब्रँडनरसाहेब..."

"त्याची वजाबाकी पहिल्यापासून कच्ची. पळ."

एमेट जाऊन उभा राहिला, हात पुढं धरून, अगदी खरा वाटावा असा. ओटिसनं चेंडू मागं दिला. नोलन मान खाली घालून घुसला आणि सगळे एकमेकांवर कोसळले. पंचांनी एकेकाला बाजूला ओढलं. सगळ्यात खाली नोलन होता, चेंडू पोटाशी धरून, दोन यार्डांच्या खुणेच्या हातभर पुढं.

पार तिकडं, चाळीस यार्डांवर, ती दोन पोरं अजून आभाळाकडे बघत होती.