मंगलीचे वरचे दात

चौथा दात निघाला आणि चांद्याच्या गुणवंतराव डॉक्टरांनी चिमटा ताटलीत ठेवला. साडेचार वर्षांची मंगली रडून रडून आईच्या मांडीवर निपचित पडली होती. वरचे पुढचे चारही दात हिरडीपर्यंत किडले होते. पू झाला होता. पंधरा दिवस पोरगी धड जेवली नव्हती.

तिची आई गिरजा सिंदेवाहीजवळच्या खेड्यातली. नवरा तळ्यावर मासे धरायचा, ती धानाच्या रोवणीला जायची. पोर रडू नये म्हणून मोहाची गोड सुकी फुलं फडक्यात बांधून चोखायला द्यायची, झोपतानाही तीच. हे कळल्यावर डॉक्टरांनी तिला चांगलंच झापलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "खालचे बरे हायेत ना जी?"

"खालचे ठणठणीत आहेत."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मेणात हिरडीचा ठसा घेतला. त्यानंतरच्या खेपेला कवळी तयार होती. तांदळाच्या दाण्याएवढे चार दात. एवढ्या लहान पोरीसाठी त्यांनी पहिल्यांदाच बनवली होती, पैसेही नको म्हणाले. मंगलीचे गाल भरले होते. मोहाची पुरचुंडी सुटली होती, भात खात होती. बोलणं मात्र बोबडं झालं होतं. कवळी दिसताच तिनं हात पुढे केला.

गिरजानं तो मागे घेतला. "आज नोको जी. आठ दिवसानं येतो."

डॉक्टर चिडले. उशीर झाला तर हिरडीचा आकार बदलेल, कवळी बसायची नाही, असं त्यांनी दोनदा समजावलं. ती हलेना.

"नवऱ्याला विचारायचं आहे का?"

"तसंच समजा."

आठवा दिवस गेला, दहावा गेला. डॉक्टर रोज कवळीच्या वाटीतलं पाणी बदलत होते. कंपाउंडर म्हणाला, गेली ती चांद्याहून कायमची.

बाराव्या दिवशी ती आली. मागं धोतर नेसलेला एक माणूस होता. तो दारातच थांबला, तोंड रस्त्याकडे करून.

"बापाला आता सवड झाली वाटतं," डॉक्टर म्हणाले.

गिरजानं त्याला हाताला धरून आत आणलं, मंगलीसमोर बसवलं आणि पोरीचा ओठ वर केला.

"पाह्य आता."

तो कितीतरी वेळ पाहत राहिला. वर समोर नुसती हिरडी, खाली पांढऱ्या दातांची ओळ.

"दिसले?"

"दिसले."

"मंग बसवा जी, डाक्टरसायेब."

कवळी बसली. मंगलीनं जीभ फिरवून पाहिली आणि त्या माणसाकडे बघून हसली. त्यानं तिला उचलून छातीशी धरलं.

डॉक्टरांचा राग उतरला. "पोरगी बापावरच गेली आहे."

"बाप नाई जी, मामा हाय तिचा," गिरजा म्हणाली. "लहानपनी हिचे वरचे दात आंधी आले, ते मामाले जड म्हनतेत. चार सालं झाले, माह्या भावानं हिचं तोंड पाह्यलं नाई. आज त्याच्या डोयानं पाह्यलं त्यानं. खालचे आंधी, वरचे मांगून."