संशयाचा फायदा

अंगणातल्या लोकरी नमद्याच्या तंबूतून कुलुइपाला बाहेर बोलावलं, तेव्हा आत बायकांचा विलाप चालूच होता. पडद्यामागे तिचा नवरा, सोरोनबाय गुरुजी, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला होता. बाहेर पुरुष काठ्यांवर रेलून उभे होते. कढईत घोड्याचं मांस रटरटत होतं. सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. फक्त जनाज्याचा नमाज अडला होता.

गावचा इमाम तालाय तिशीतला. अक्षरं गुरुजींकडेच गिरवलेला. त्याने खाली मान घालून विचारलं, गुरुजींनी जाण्याआधी कलमा म्हटला का.

तो का विचारतोय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुजी आयुष्यभर खेडोपाडी जाऊन देव नाही असं सांगत आले होते. आधी या कामाचा सरकारी पगार मिळायचा. मग राज्य बदललं, बरोबरीने भाषणं ठोकणारे लोक मशिदीत पहिल्या रांगेत बसू लागले, आणि गुरुजी फुकट सांगत राहिले.

"वहिनी, शेवटी ओठ तरी हलले असतील की," धाकटा दीर जुमाकादिर म्हणाला. तो सत्तरीचा होता आणि सकाळपासून उपाशी होता.

"हलले," कुलुइपा म्हणाली. "मला म्हणाला, घाबरू नकोस, पुढे काही नाही. मी म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक? तर हसला म्हातारा. तसाच गेला."

मागे कुणालातरी हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं. हे भांडण गावाला तोंडपाठ होतं. गुरुजी देव नाही म्हणायचे, कुलुइपा म्हणायची कुणास ठाऊक. तो तिला अर्धवट म्हणायचा, ती त्याला बिनदाढीचा मुल्ला.

इमामाने तिला गोठ्याच्या आडोशाला नेलं. तो तिला फसवायला आला नव्हता. रात्रभर त्याने वाट शोधली होती आणि ती त्याला सापडली होती. त्याने समजावून सांगितलं की खोटं बोलायची गरजच नाही. माणसाच्या मनात शेवटच्या घटकेला काय येतं, ते कुणी पाहिलंय? ती कायम जे म्हणते, तेवढंच तिने लोकांसमोर म्हणायचं.

"माहीत नाही म्हणा, आपा. बाकी माझ्यावर सोडा. संशयाचा फायदा मेलेल्या माणसाला देता येतो."

कुलुइपाने टेकडीकडे पाहिलं. तिथल्या कब्रस्तानात तिचा मुलगा पुरलेला होता. त्याच्या शेजारची जागा त्या दोघांनी स्वतःसाठी कधीच ठरवून ठेवली होती. नमाज झाला नाही तर ती जागा मिळणार नाही, हे जुमाकादिरने सकाळीच ऐकवलं होतं. आणि द्यायचं काय होतं? तिचंच वाक्य. जन्मभर ती तेच बोलत आली होती.

ती परत अंगणात आली. पुरुष जवळ सरकले.

"तालायने चांगल्या मनाने विचारलंय, म्हणून सगळ्यांसमोर सांगते," ती म्हणाली. "देव आहे की नाही, मला माहीत नाही. माझ्या म्हाताऱ्याचं मला माहीत आहे. तो मानत नव्हता. शेवटच्या श्वासापर्यंत नाही."

जुमाकादिरने काठी जमिनीवर आपटली. वाडवडिलांच्या मातीत असला माणूस जाणार नाही, म्हणाला. भावाला कायमचं घालवलंस, असंही म्हणाला आणि रडायला लागला. कुलुइपाने त्याला पाणी दिलं. मग गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि घरामागच्या बटाट्याच्या शेताकडे चालू लागली.

कुणीच हललं नाही. ती एकटीच खणत राहिली. ऐंशीच्या घरातली बाई, पण माती भुसभुशीत होती. बटाटे नुकतेच काढले होते. मग तंबूतला विलाप थांबला. सून पाइझा बाहेर आली, ओढणी डोक्याला घट्ट बांधत, आणि दुसरं फावडं घेऊन सासूच्या समोर उभी राहिली. बायका कबर खणत नाहीत, कबरीपाशी जातही नाहीत. पाइझाच्या मागोमाग आणखी दोघी आल्या. त्यांना पाहून गुरुजींचे दोन जुने विद्यार्थी, आता पोक्त बाप्ये, कोट काढून खड्ड्यात उतरले आणि बायकांच्या हातातली फावडी मागू लागले. पाइझाने तिचं दिलं नाही.

दुपार कलली तेव्हा गुरुजींना उतरवलं. खांदा द्यायला पुरेसे लोक झाले होते, पण जुमाकादिर त्यांत नव्हता. तो मांसाला न शिवताच घरी निघून गेला होता. माती लोटून झाली, आणि सगळे घुटमळले. आता काय म्हणायचं, हे कुणालाच कळेना. एका म्हाताऱ्याचे हात सवयीने दुव्यासाठी वर गेले आणि मध्येच थांबले.

"ज्याला जे येतं, ते त्याने म्हणावं," कुलुइपा म्हणाली. "तो ऐकत असला तर वाद घालेल."

काहींनी तोंडावरून हात फिरवले. काही नुसतेच उभे राहिले.

इमाम कुंपणाच्या पलीकडे उभा होता. सगळे पांगल्यावर तो शेतात आला. त्याच्या बुटांना माती लागली.

"सगळ्यांसमोर तसं बोललात. तुम्हालाही आता इथेच यावं लागेल, आपा," तो म्हणाला. "मुलापाशी नाही."

"हो."

"आणि तुमच्या वेळी मी काय करू? नमाज पढू की नको?"

कुलुइपा फावड्याला चिकटलेली माती हाताने निपटत होती. तिने मान वर केली.

"तेव्हा मलाच विचार," ती म्हणाली. "पुढे काही असलं, तर उत्तर देईन. नाही आलं उत्तर, तर म्हाताऱ्याचं खरं होतं असं समज."