कोपऱ्यातलं जुनं मशीन

सलग चौथ्या दिवशी, अकराच्या ठोक्याला, सर्व्हरने निरंजनच्या मोबाईलवर तक्रार धाडली: तापमान वाढलंय. आज छडा लावायचाच म्हणून तो तडक सर्व्हर रूममध्ये शिरला.

मशीनच्या मागून सुटणाऱ्या गरम हवेवर दोन झबली आणि चिमुकली कुंची वाळत होती.

सफाईवाल्या हौसामावशींनी ती झटकन पदराआड केली. "चुकलं, साहेब. लेक नुकतीच बाळंत झालीय. चार दिवस ऊन नाही, बाळाला ओलं कसं घालू?"

निरंजनचा राग कुठल्या कुठे पळाला. "यावर नको, मावशी. ते कोपऱ्यातलं जुनं वापरा. ते तापलं तरी बोंबलत नाही."

मग जागेवर येऊन त्याने बंद करायच्या मशीनची यादी उघडली आणि त्या जुन्याची तारीख सव्वा महिना पुढे ढकलली.